आमच्या साडूंची लाल रेघ

आमचे साडू ज्या घरी जातील त्या घराचा उंबरा आधी मोजतील आणि मग घरातल्या माणसांची खुशाली विचारतील, हा नेम गेल्या तीस वर्षांत एकदाही चुकलेला मी पाहिला नाही. बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर कोणाला बघायला दवाखान्यात जाणं असो, साडू दाराशी थबकतात, पायाखाली बघतात, मागे वळून रस्त्याकडे बघतात, मनाशी काहीतरी वजाबाकी करतात आणि त्यानंतरच चपला काढतात. वजाबाकी मनासारखी आली तर दोन कप चहा पितात. नाही आली तर कप हातात तसाच धरून यजमानांना विचारतात, "तुमचा फ्रीज किती उंच स्टुलावर आहे जी?" माझी बायको म्हणते, भाऊजी येणार असले की मला फरशी पुसायचं सुचत नाही, ती उचलून वर घ्यावीशी वाटते.

नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि नोकरीनं पालिकेत गटारं, ओढे, नाले बघणारे कनिष्ठ अभियंता. वर्ध्याहून पुण्यात आले, पण जिभेवर वर्धाच राहिली. पहिल्या वर्षी सदाशिव पेठेत खोली घेऊन राहत असताना त्यांनी सकाळी सकाळी घरमालकांना सांगितलं, "काका, तुमच्या जिन्याखाली पाणी येऊन राहिलं." घरमालकांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, "किती दिवस राहायचं म्हणतंय?" साडूंना ही असली बोलणी लागत नसत. माणसांच्या बोलण्याकडे त्यांचं लक्षच नसे. ते जिन्याखाली बसून पाणी कुठून येतंय ते शोधत होते, आणि दुपारपर्यंत त्यांनी ते शोधलंही.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत इतरांच्या डिकीत असतात तसली फडकी, पिशव्या, कागदपत्रं कधी सापडली नाहीत. तिथे असायची गवंडी वापरतात तसली पारदर्शक प्लास्टिकची लांबलचक नळी, वेटोळं करून ठेवलेली. नळीत पाणी भरायचं, एक टोक एका माणसानं इथे धरायचं, दुसरं दुसऱ्यानं तिकडे, आणि हात स्थिर झाले की दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला उभं राहतं. मधे भिंत येवो, बाग येवो, पाण्याला फरक पडत नाही. साडूंचा या नळीवर माणसांपेक्षा जास्त विश्वास होता. अडचण एकच, दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि तो ते असतील तिथून पकडत. आमच्या वास्तुशांतीला वर सत्यनारायणाची कथा चालू असताना हे खाली नळी पसरून उभे होते आणि दुसरं टोक माझ्या प्रोजेक्ट मॅनेजरच्या हातात होतं. बंगलोरहून बदलून आलेला तो सज्जन माणूस, हा महाराष्ट्रातला काही धार्मिक विधी असावा अशा समजुतीनं, नळी छातीशी धरून डोळे मिटून उभा होता. "हलू नका साहेब, पाण्याला उभं राहू द्या," असं साडू फाटकासमोरच्या ओढ्याच्या पुलावरून ओरडून सांगत होते. मग वर येऊन प्रसादाचा शिरा खाता खाता मला म्हणाले, "घर छान आहे जी साडूभाऊ. देवघर उत्तम. फक्त तुमच्या वॉचमनची खोली बुडते."

आमच्या मेहुणीनं या माणसाबरोबर संसार केला याचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला म्हणून त्यांनी तिला खडकवासल्याला नेलं. लोक तिथे काठावर बसून कणसं खातात, पाण्याकडे बघून एकमेकांचे हात धरतात. साडूंनी नव्या नवरीला धरणाच्या खालच्या अंगाला उभं केलं आणि दरवाजे उघडले तर पुण्यातल्या कोणकोणत्या गल्ल्यांत कोणत्या क्रमानं पाणी शिरेल ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. "मला वाटलं, हा माणूस मला दुसऱ्याच दिवशी माहेरी पाठवतोय," ती अजून सांगते. पुढे त्यांच्या भाचीचं लग्न जुळवताना मुलाची पत्रिका, पगार, अमेरिकेची वारी, सगळं सगळ्यांना पसंत पडलं आणि एकट्या साडूंनी नकार दिला. "मुलगा चांगला आहे, पण घर ओढ्याच्या वळणावर आहे. पोरीनं काय जन्मभर पावसाळ्यात पलंगावर पाय वर घेऊन बसायचं?" लग्न व्हायचं ते झालंच. साडूंनी आहेर म्हणून दोरखंड दिला, चांगला जाड, दुसऱ्या मजल्यावरून जमिनीला पुरेल एवढा.

शहर तेव्हा फुगत होतं. बाजार खुला झाला होता, दोन हजार साल उजाडताना कम्प्युटरांचं काय होईल या भीतीवर माझ्यासारख्या शेकडो पोरांना नोकऱ्या लागल्या होत्या, आणि खराडीकडे जिथे ज्वारी उभी असायची तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. मी अमरावतीहून त्या लाटेत आलो. साडूंकडे ट्रेसिंगच्या कापडावर काढलेला एक जुना नकाशा होता. त्यात रस्ते जवळजवळ नव्हतेच, सगळे ओढे होते. कोणी पत्ता विचारला तर साडू त्या नकाशातून सांगत. "दोन ओढे मिळतात ना, मिळाल्यावर डाव्या काठानं या, तिसरी बिल्डिंग." विचारणाऱ्याला ओढे कुठेच दिसत नसत, कारण त्यांच्यावर इमारती होत्या. एकदा आमच्या कंपनीत आपत्तीची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला, आम्ही सगळे कॉफीचे मग सांभाळत जिन्यानं उतरलो आणि हिरवळीवर, जमण्याची जागा अशी पाटी होती तिथे, शिस्तीत उभे राहिलो. पालिकेच्या वतीनं साडू पाहुणे म्हणून आले होते. आमच्याकडचे सुरक्षा अधिकारी, एक निवृत्त कर्नल, त्यांना अभिमानानं म्हणाले, "कसं वाटलं? काही सूचना?"

"वेळ चांगली घेतली जी," साडू म्हणाले. "फक्त हे सगळे जण ओढ्यात उभे आहेत."

कर्नलसाहेबांनी हिरवळीकडे पाहिलं. "ओढा कुठे आहे?"

"आहे खाली. तो कुठं गेला नाही. तुम्ही त्याच्यावर गवत लावलं."

पालिकेचा आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा नावाचा एक जाडजूड दस्तऐवज असतो. दरवर्षी तो नवा होतो, म्हणजे वरचं साल बदलतं. त्यात शेवटी पट्टीच्या पोहणाऱ्यांची, होडीवाल्यांची आणि निवाऱ्यासाठी उघडायच्या शाळांची यादी असते, फोन नंबरांसकट. हे नंबर लागतात का ते बघावं, असं त्या आराखड्याच्या सबंध आयुष्यात फक्त एका माणसाला वाटलं. मे महिन्यात साडू यादी समोर ठेवून एकेक नंबर फिरवत. एक पट्टीचे पोहणारे गुडघ्याचं ऑपरेशन करून अंथरुणावर होते. दुसऱ्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "ते वारले हो, चार वर्षं झाली." "अरेरे," साडू म्हणाले, "मग त्यांच्या जागी आता तुमच्यात कोण पोहते?" निवाऱ्याची शाळा ओढ्याच्या पोटात होती, आणि तिची किल्ली ज्याच्याकडे तो शिपाई पेरणीसाठी गावी जायचा तो थेट पोळा करून यायचा. साडूंनी सगळ्या दुरुस्त्या स्वच्छ अक्षरात करून यादी वर पाठवली. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात वारलेले गृहस्थ पुन्हा पट्टीचे पोहणारे म्हणून हजर होते.

ऑफिसात त्यांना कोणी वाईट वागवलं असं नाही. साहेब लोक त्यांचं ऐकून घेत आणि म्हणत, "तुमचं बरोबर आहे हो, पण आता काय करणार?" या वाक्यावर त्यांची बरीच वर्षं गेली. पावसाळ्याआधी ओढ्यातून काढलेला गाळ काठावरच रचून ठेवत, त्याचे फोटो काढत, आणि जूनमध्ये तो गाळ आपल्या पायांनी परत ओढ्यात जाई. नदीकाठच्या नकाशांवर पूररेषा असतात, इथवर पाणी येतं म्हणून इथवर बांधू नये असं सांगणाऱ्या. त्या रेषा पुराकडे बघून सरकत नाहीत, जमिनीच्या भावाकडे बघून सरकतात, हे साडूंनी हताशपणे पाहिलं. "कागदावरचं पाणी फार समंजस असते साडूभाऊ," ते मला म्हणाले, "सांगितलं तिथं थांबते." त्या दिवशी मला ते विनोदानं म्हणताहेत असं वाटलं, पण ते हसत नव्हते. त्यानंतर त्यांनी कागदाचा नाद सोडला आणि स्वतःच्या खिशातून लाल ऑइलपेंटचा एक डबा आणला.

आमच्या सोसायटीच्या अंगाला लागून ओढा वाहतो. बिल्डरच्या पुस्तिकेत त्याला निर्झर म्हटलं होतं. फाटकात यायला त्याच्यावरून छोटा पूल आहे, आणि पलीकडच्या काठाला सोसायटीच्याच बागेची भिंत सरळ पाण्यात उतरते. फाटकाच्या आत उतार, उताराच्या तळाशी पार्किंग, आणि पार्किंगच्या टोकाला वॉचमनची खोली. तिच्या दारातून ती भिंत समोर दिसे. खोलीत किसनराव वॉचमन आणि त्यांची बायको सुलाबाई राहत, दोघं वाशीमकडची. सुलाबाई चार घरची भांडी करायची, त्यातलं एक आमचं. साडू आमच्याकडे आले की अर्धा तास आमच्यात आणि दीड तास तिच्या दारात बसत, कारण तिच्या बोलण्यात त्यांना गाव भेटे. एका वैशाखात त्यांनी नळीचं एक टोक तिच्या हातात, तिच्या उंबऱ्यापाशी दिलं, दुसरं घेऊन स्वतः कोरड्या ओढ्यात उतरले, आणि उंबऱ्याच्या पातळीपासून हातभर खाली समोरच्या भिंतीवर लाल रेघ ओढली. चार बोटं रुंद, दोन हात लांब.

"पाणी इथं लागलं की खोली सोडायची," ते म्हणाले. "डबे नाही, गादी नाही. कागदपत्रांची पिशवी घ्यायची आणि दुसऱ्या मजल्यावर जायचं. लाल भिजलं की वर. म्हणा."

"लाल भिजलं की वर," सुलाबाई म्हणाली, आणि माझ्या बायकोकडे बघून हसली. "ताई, तुमच्या भाऊजीनं या वयात मले शाळेत घातलं."

पुढच्या पावसाळ्यांत ती चार वेळा वर आली. चारही वेळा पाणी उंबऱ्याखालीच थांबलं आणि खोली कोरडी राहिली. तरी तिनं कधी कुरकुर केली नाही. रेशनकार्डाची पिशवी मांडीवर घेऊन आमच्या दारासमोरच्या पायरीवर बसायची, माझी बायको तिला चहा द्यायची, आणि मी विचारलं तर एवढंच म्हणायची, "लाल भिजलं होतं जी साहेब." साडूंना तिचा फार अभिमान होता. आपल्या सबंध आराखड्यात एवढा एकच नंबर लागतो, असं ते तिच्याबद्दल म्हणत.

मग मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. त्या सुमारास बी विंगमधल्या एका गृहस्थांना फ्लॅट विकायचा होता. बघायला आलेलं एक जोडपं पुलावर थांबलं, भिंतीकडे बोट दाखवून "हे लाल काय आहे?" असं त्यांनी किसनरावांना विचारलं, किसनरावांनी खरं ते सांगितलं, आणि जोडपं पुलावरूनच परत गेलं. कमिटीची बैठक बसली. आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले होते. "सेक्रेटरी," ते मला म्हणाले, "आपण घरं विकायला काढली आहेत, होड्या नव्हे. ती रेघ पुसा." साडूंना काय तोंड दाखवू, या विचारानं मी घाबरलो. पण मधला मार्ग काढण्यातच माझी निम्मी नोकरी गेली होती. मी म्हणालो, "पुसायला नको. तीच जरा वर घेऊ आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊ. बॉर्डरसारखी दिसेल. कोणी विचारणार नाही, आणि शोभाही येईल." सगळ्यांना ते पटलं. भिंतीवरील लाल पट्टा दोन फूट वर घेऊन संपूर्ण लांबीस देणे, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. पूर कुठवर आला की घाबरायचं, हे आम्ही अकरा जणांनी चिवडा खात खात हात वर करून ठरवलं. त्या वेळी मला त्यात काही विनोदी वाटलं नाही, आणि आता तर अजिबात वाटत नाही.

रंगाऱ्यानं तीन दिवसांत भिंत फिकट पिवळी केली आणि वर सरळ, देखणा लाल पट्टा ओढला. सुलाबाई तेव्हा पुतणीच्या लग्नाला वाशीमला गेली होती. परत आल्यावर दारात उभी राहून भिंतीकडे बघत म्हणाली, "आता कशी ठसठशीत दिसते जी." मी हो म्हणालो. दर वैशाखात साडू येऊन नळी लावून रेघ तपासत. त्या वर्षी त्यांचे तीनदा फोन आले. पहिल्यांदा मी अमेरिकेच्या क्लायंटचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा रिलीजचं, तिसऱ्यांदा बायकोला फोन घ्यायला लावला आणि खुणेनं घरी नाही म्हणून सांग म्हटलं. "असू द्या," साडू तिला म्हणाले, "रेघ कुठं पळून जाते." ते आले नाहीत.

परतीच्या पावसाचे दिवस होते. शनिवारची दुपार. आमच्याकडे नुसती भुरभुर होती, पण वरच्या अंगाला धो धो कोसळलं असणार, कारण चारच्या सुमाराला ओढा तांबडा होऊन पुलाखालची कमान भरत आला. गॅलऱ्यांमधून हाका सुरू झाल्या, "किसनराव, गाड्या!" आम्ही सगळे खाली उतरलो ते गाड्यांसाठी उतरलो. किसनराव वर रस्त्यावर उभे राहून एकेक गाडी पुलावरून बाहेर काढून देत होते. मी माझी गाडी काढली. उतारावर वळताना सुलाबाई दारात उभी दिसली, पदर खोचलेला. मी काच खाली करून विचारलं, "सुलाबाई, वर जाता का?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. "अजून लाल भिजलं नाही जी साहेब. तेवढं पीठ फळीवर ठेवते."

मीही भिंतीकडे पाहिलं. लाल पट्टा पाण्याच्या वर, कोरडा होता. जुनी रेघ असती तर ती केव्हाच बुडाली असती. मला सगळं आठवलं. आठवल्यावर मी काय केलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि मी क्लच सोडला. मनात म्हटलं, गाडी मोठ्या रस्त्याला लावतो आणि चालत येऊन तिला सांगतो. पाच मिनिटांचं तर काम.

वरच्या बाजूला कोणीतरी प्लॉटवर भराव घालून ओढ्यातच भिंत उभी केली होती. ती त्या पाच मिनिटांत फुटली. मी पळत पुलापर्यंत आलो तेव्हा पार्किंगमध्ये छातीच्या वर पाणी होतं आणि किसनरावांना चौघांनी मिळून धरून ठेवलं होतं. साडू ड्यूटीवर होते. ते दोरखंड घेऊन आले आणि अग्निशमनच्या माणसांच्या आधी पाण्यात शिरले. खोलीचं दार बाहेर उघडणारं होतं, पाण्यानं ते दाबून धरलं होतं. दिवेलागणीच्या आत पाणी आलं तसं उतरलं. सुलाबाई दाराशीच होती. कागदांची पिशवी तिच्या हाताला गुंडाळलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू डिकीतून नळी घेऊन आले. माझ्या हातात एक टोक दिलं आणि चिखलानं भरलेल्या त्या उंबऱ्याशी मला बसवलं. दुसरं टोक घेऊन ते पलीकडे भिंतीशी गेले. पाणी उभं राहायला फार वेळ लागला. मग भिंतीवर खडूनं खूण केली, पट्टा त्या खुणेच्या वीतभर वर होता हे पाहिलं, बोटांनी मोजलं, पुन्हा मोजलं. "आपली हातभर खाली होती," ते म्हणाले. "ही उंबऱ्याच्या वर आहे. कोणी केलं?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी नळीतलं पाणी ओतून दिलं, नीट वेटोळं केलं. रागावतील, शिव्या देतील, निदान बायकोच्या बहिणीचा नवरा म्हणून लाज काढतील असं मला वाटत होतं, आणि मला ते हवं होतं. ते म्हणाले, "किसनरावले तुम्ही सांगा. मी नाही सांगणार." त्यानंतर या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत.

चौकशी झाली. खासगी भिंतीवर विनापरवाना खूण केल्याबद्दल पालिकेनं नोटीस काढली ती साडूंनाच. त्यांच्या जबाबाची प्रत मी वाचली आहे. त्यात आमच्या ठरावाचा उल्लेख नाही, माझं नाव नाही, आणि एक अक्षर खोटंही नाही. "रेघ मी आखली. ती दरवर्षी तपासणे माझे काम होते. यंदा तपासली नाही." पुढे त्यांची उद्यान विभागात बदली झाली. तिथे त्यांनी सगळ्या बागांमधल्या बाकांची उंची मोजली, असं मेहुणी सांगते. त्याआधी एका रविवारी येऊन त्यांनी आमच्या भिंतीवरचा तो देखणा पट्टा खरवडून काढला आणि जुन्या जागी रेघ ओढली. अध्यक्ष गॅलरीत उभे होते. किसनरावांना पहिल्या मजल्यावर खोली देण्याचा ठरावही एकमतानं मंजूर झाला. निवृत्त होऊन वर्ध्याला परत जाताना साडू नळी माझ्याकडे ठेवून गेले.

तेव्हापासून दर वैशाखात मी आणि किसनराव रेघ तपासतो. ते उंबऱ्याशी बसतात, मी भिंतीशी उभा राहतो. खोलीत आता सोसायटीच्या मोडक्या खुर्च्या आहेत. पहिली तीन वर्षं मी काहीच बोललो नाही. दर वर्षी ठरवून उतरायचो आणि नळी गुंडाळून वर यायचो. चौथ्या वर्षी, दोन टोकं दोघांच्या हातात असताना, मी सांगून टाकलं. मधे कोरडा ओढा होता आणि समोर बसून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. ठराव कोणाच्या डोक्यातून निघाला, ते सांगितलं. त्या दुपारी गाडीतून मी भिंतीकडे पाहिलं होतं, तेही सांगितलं.

किसनराव नळीकडेच बघत होते. "ठरावाचं माहीत हाये साहेब," ते म्हणाले. "रंगाऱ्याची शिडी मीच त धरली होती."

मी नळीचं टोक भिंतीला घट्ट दाबून धरलं.

"मले वाटलं, साहेब लोकायनं ठराव केला म्हणजे मोजूनच केला असन. म्हणून सुलीले काही सांगतलं नाही. गाडीतलं मले माहीत नव्हतं." त्यांनी आपलं टोक पुन्हा उंबऱ्याला टेकवलं. "हात हलते तुमचा, साहेब. पाण्याले उभं राहू द्या."

त्या संध्याकाळी मी वर्ध्याला फोन लावला. साडूंना आता ऐकायला कमी येतं, पण रेघेचा फोन ते स्वतः घेतात. अंतर विचारलं, हातभर खाली म्हटल्यावर "बरोबर," म्हणाले. मी किसनरावांना सांगितल्याचं सांगितलं, आणि त्यांनी काय उत्तर दिलं तेही.

"उंबऱ्यापाशी कोण बसते?" त्यांनी विचारलं.

"किसनराव."

"पुढच्या साली तिथं तुम्ही बसा जी. त्यायले त्या जागी वाकायला लावू नका."

यंदा उंबऱ्यापाशी मी बसलो. फरशी गार होती आणि दारातून भिंत सरळ समोर दिसत होती, चार बोटं लाल. पलीकडे किसनराव नळी भिंतीला लावून उभे होते. दोन्ही टोकांतलं पाणी थरथरायचं थांबेपर्यंत आम्ही दोघंही नळी धरून राहिलो.